एका शिलिंगाचं मत

ठाणे, नौपाडा
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

संध्याकाळी तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावला असशील. अरे, रविवारी पाच ते सात मी खाली सोसायटीच्या ऑफिसात पोरांबरोबर असतो. पुस्तकांवर बोलतो आम्ही. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर "वा, चांगला उपक्रम आहे" म्हणून तू विषय बदलला असतास. मला तुला नीट सांगायचंय, म्हणून कागद घेऊन बसलोय. बाहेर पाऊस कोसळतोय, घरात सगळे झोपलेत.

सुरुवात मे महिन्यात झाली. आई गेल्यानंतर घर आवरताना माळ्यावरून दोन खोकी निघाली. आपली पुस्तकं रे! चांदोबाचे अंक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, मुखपृष्ठ गेलेली वेताळ पंचविशी. एकदोन पुस्तकांवर तुझं नाव आहे, माझ्याकडेच राहिलेली. रद्दीत द्यायला हात होईना. ऑफिसातल्या लांब टेबलावर मांडून ठेवली आणि नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली, कुणीही न्यावीत, वाचून आणून द्यावीत. पहिल्या रविवारी चौघं आली. आता नऊ-दहा येतात.

बहुतेक सगळी इंग्रजी माध्यमातली. बोलतात मराठीत, वाचतात इंग्रजीत. ड्रॅगन, जादूगारांच्या शाळा, शापित तलवारी, सगळं त्यांना तोंडपाठ. एकटा वेगळा म्हणजे आमच्या वॉचमनचा मुलगा. महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे, वाचतो ते मराठीतच. पहिले दोन रविवार तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आत ये म्हटलं की मान हलवायचा. तिसऱ्या रविवारी फास्टर फेणे उचलून घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी त्याला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून परत घेऊन आला. तो जाड गुळगुळीत कागद, कोपरे बोटानं दाबून दाबून बसवलेले, आतल्या बाजूनं मार्च महिना. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि टाळूला जीभ लावून बरोब्बर "ट्टॉक" केलं. त्या दिवसापासून तो आत बसतो.

आता गेल्या महिन्यातला तो रविवार सांगतो. बी विंगमध्ये एक सातवीतली मुलगी आहे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलताना हात फार हलवते. ती टॉल्किन या इंग्रज लेखकाचं 'हॉबिट' वाचून आली होती. गोष्ट इंग्रजीतच सांगायला लागली, पण दोन वाक्यं झाल्यावर तिचं लक्ष त्या मुलाकडे गेलं आणि कुणी काही न म्हणता ती मराठीत वळली. तेव्हापासून आमच्याकडे गोष्ट मराठीतच सांगतात. नियम म्हणून कुणी ठरवलेलं नाही.

गोष्ट तुला माहीत आहेच. बिल्बो नावाचा घरकोंबडा बुटका ड्रॅगनचा खजिना परत मिळवायला निघतो. अंगठी घालून अदृश्य होतो, ड्रॅगनशी बोलतो आणि त्याच्या छातीवर डाव्या बाजूला कवच नसलेली जागा हेरतो. तिनं हे सांगितलं तेव्हा सगळी पुढे सरकून बसली होती. मग मारलं कुणी, तर बार्ड नावाच्या माणसानं. बाण मारून.

"हा कधी आला?" आठवीतल्या एकानं विचारलं.

"तेव्हाच. शेवटी शेवटी."

झालं! एकच गलका. पुस्तकभर चालला बिल्बो आणि मारलं दुसऱ्यानंच? ही तर चीटिंग आहे! हिरोनंच मारायला पाहिजे होतं. मी गप्प राहिलो, आणि वॉचमनचा मुलगा, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो टेबलाकडे बघत म्हणाला, "पण उघडी जागा कुणी बघितली?"

कुणी बोलेना.

"ज्यानं बघितली त्यानंच मारलं. बाण कुणाचा का असेना."

बंड्या, त्या पुस्तकाचं एक पानही त्यानं वाचलेलं नाही. नुसती ऐकीव गोष्ट. आणि मी ते पुस्तक तीनदा वाचूनही बार्डकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पण खरी मजा पुढे आली. चष्मेवालीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "नाही. बिल्बोला मारायचंच नव्हतं. तो घाबरलेला होता. घाबरलेला असून आत जाऊन बघून आला, हेच त्याचं मोठं काम. मारायचं श्रेय त्याला कशाला चिकटवायचं?" अर्धा तास दोघं भांडली. ती इंग्रजी पुस्तकातलं पान उघडून मराठीत अर्थ सांगायची, तो ऐकून घ्यायचा आणि "तरी पण" म्हणून पुन्हा सुरू करायचा. सात वाजले, ऑफिस बंद करायची वेळ झाली, तरी दोघं जिन्यात उभी राहून तेच बोलत होती.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पहिले काही रविवार मी विचारायचो, "पुस्तक कसं वाटलं?" उत्तर ठरलेलं, "छान." आवडलेलं पात्र कोणतं? "हिरो." काय शिकलास? मग मैत्री, धैर्य, सत्याचा विजय. प्रश्न परीक्षेचा आहे हे पोरांना वासावरून कळतं आणि ती परीक्षेचं उत्तर देऊन सुटका करून घेतात. मग मी प्रश्नच बदलला. कुठे अडलास? काय पटलं नाही? राग कुठे आला? त्यानंतर थांबता थांबेनात. अंगठी घातली की कपड्यांसकट अदृश्य होतो, मग हातातली तलवार दिसते का? खाल्लेला घास कधी दिसेनासा होतो, तोंडात घातल्यावर की गिळल्यावर? नऊ वर्षांच्या एका चिमुरडीनं विचारलं, "साहसाच्या पुस्तकातल्या मुलांच्या आया कुठे असतात?" त्यावर आठवीतला म्हणाला, "आई असती तर गोष्ट पहिल्या पानावर संपली असती." हसू नकोस, विचार कर. हॅरी पॉटर पोरका आहे, आपल्या बनेश फेणेचं सगळं फुरसुंगीच्या घरापासून लांब पुण्याच्या विद्याभवनात घडतं. लेखकाला पहिली अडचण आईचीच असते, हे त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी त्यांना रेनर अन्विनची गोष्ट सांगितली. १९३६ सालची. लंडनमध्ये स्टॅन्ली अन्विन नावाचे प्रकाशक होते. मुलांचं पुस्तक चांगलं की वाईट हे मुलंच सांगू शकतात, असं त्यांचं मत. म्हणून हस्तलिखित आलं की ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यायचे आणि लेखी अभिप्रायाचं एक शिलिंग द्यायचे. 'हॉबिट'चं हस्तलिखितही असंच रेनरच्या हातात पडलं. त्यानं छोटासा अभिप्राय लिहिला, त्यातही शुद्धलेखनाच्या चुका. पुस्तक चांगलं आहे, नकाशे दिले तर चित्रांची गरज नाही आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९३७ मध्ये पुस्तक बाहेर आलं. पुढे हाच रेनर मोठा होऊन वडिलांच्या धंद्यात आला आणि टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन भागांची प्रचंड कादंबरी छापण्यामागेही तोच उभा राहिला. १९५४-५५ साली. त्यात हजार पौंडांचा तोटा होईल असा हिशेब असतानासुद्धा!

पोरं एकदम चिडीचूप. मग चष्मेवाली म्हणाली, "तो दहा वर्षांचा होता ना? मग पाच ते नऊ का लिहिलं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "मी पण असंच सांगते. आवडलेलं असतं, पण म्हणायचं लहान मुलांसाठी आहे."

आता त्यांना प्रत्येक लेखी अभिप्रायाला माझ्याकडून दहा रुपयांचं नाणं मिळतं. दोन-चार आयांनी नाराजी दाखवली, पैशाची सवय लागेल म्हणून. मला तसं वाटत नाही. नाणं हातात ठेवताना पोराला कळतं की आपलं बोलणं कुणीतरी कामाचं म्हणून घेतलंय. एका वडिलांनी विचारलं, हे सगळं खोटंनाटं वाचून मार्क वाढणार का? मी त्यांना सांगितलं, मार्कांचं मला माहीत नाही, पण तुमचा मुलगा परवा अर्धा तास उभा राहून एका मुलीला खोडून काढत होता आणि एकदाही आवाज चढवला नाही.

नकाशांची गोष्ट पोरांच्या डोक्यात बसली. ड्रॉइंग पेपरचे चार ताव जोडून त्यांनी ठाण्याचा नकाशा काढलाय. येऊरच्या डोंगरावर ड्रॅगन, तळाशी बारीक अक्षरात "इथे बिबट्या खरा आहे". मासुंदा तलावात खजिना. खाडीत गुलाबी रोहित पक्ष्यांची सेना. पारसिकच्या बोगद्याचं तोंड काळं गिचमिड केलंय. ते बघितलं आणि तू आठवलास. कल्याणला जाताना फास्ट लोकल त्या बोगद्यात शिरली की आपण श्वास रोखून धरायचो, प्रकाश येईपर्यंत सोडायचा नाही. तू एकदा मला चिमटा काढलास आणि मी हरलो. वॉचमनच्या मुलानं कागदाच्या अगदी उजव्या कडेला एक बाण काढलाय, कागदाबाहेर जाणारा. त्यावर लिहिलंय, "आमचं गाव, रात्रभर एसटी".

पुढच्या महिन्यात त्यांना मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जाणार आहे, बालविभागाचं सभासद करायला. वि. ल. भाव्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १८९३ साली सुरू केलेलं हे ग्रंथालय, तिथे आपण दर शनिवारी पुस्तक बदलायला जायचो आणि तिथून तलावपाळीच्या कठड्यावर. भेळ एकात दोघं, आणि भांडण. आपण दोघंही हेच तर करत होतो रे! कुणी विचारलं नव्हतं, कुणी नाणं देणार नव्हतं.

आणि आता जे लिहायला मुळात बसलो ते लिहितो. सातवीत 'मला आवडलेले पुस्तक' असा निबंध होता. तू त्या बेटावरच्या गोष्टीवर लिहिलंस. शेवटी सगळं स्वप्न निघतं ती. तू लिहिलं होतंस की हा शेवट मला आवडला नाही, स्वप्नच होतं तर मी दोन रात्री खराखुरा का घाबरलो? बाईंनी वर्गात ते मोठ्यानं वाचलं, वर्ग हसला, आणि वहीवर लाल शाईनं "लहान तोंडी मोठा घास" लिहून आलं. त्यानंतर तू निबंध गाइडमधून लिहायला लागलास. तलावपाळीवरही हळूहळू कमी बोलायला लागलास. मी शेजारच्या बाकावर होतो, बंड्या. मला तुझं शंभर टक्के पटलेलं होतं. त्या पुस्तकाचा शेवट वाचून मीही तसाच चिडलो होतो, आदल्या शनिवारी तुझ्यापाशीच बोललो होतो. आणि वर्गात मी मान खाली घालून बसलो.

वेताळ पंचविशी या पोरांना वाचून दाखवताना ते सगळं वर आलं. गोष्ट संपली की वेताळ राजाला प्रश्न विचारतो आणि उत्तर माहीत असूनही गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील म्हणतो. लहानपणी आपल्याला त्यातलं प्रेत आणि स्मशान आवडायचं. या वेळी मी त्या अटीपाशीच थांबलो. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, सगळी मेहनत फुकट, पुन्हा पहिल्यापासून. तरी राजा दर वेळी बोलतो. पोरांना वाचून दाखवताना माझा आवाज बसला. त्यांना वाटलं खोकला आला.

तुझी गोष्ट मी त्यांना सांगितली, नाव न घेता. वॉचमनचा मुलगा म्हणाला, "त्या काकांचं बरोबर होतं. स्वप्नात घाबरलो तरी घाम खराच येतो." चष्मेवालीचं मत उलट आहे. तिला स्वप्नाचे शेवट चालतात, पण स्वप्नातून जागा झाल्यावर हातात एखादा शंख तरी उरला पाहिजे म्हणते. आज संध्याकाळी पुन्हा त्यावरच पेटलं आणि शेवटी दोघांनी मला बजावलं, तुमच्या मित्राला विचारा. त्यांनी पूर्ण निबंध लिहून पाठवायचा. त्यांना हवा तसा शेवटसुद्धा.

नाणं त्यांनीच मोजून दिलंय, माझं नाही. पाकिटात कागदाला चिकटपट्टीनं चिकटवलंय, काढताना कागद फाटेल तर जपून.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा