पीयूसीत पास, पण डीपीएफ जागेवर आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचं मानक देशभर लागू झालं, बीएस-५ गाळून थेट, आणि ते खरंच मोठं काम होतं. इंधनातलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं, डिझेल कारच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. पण हा ४.५ चा आकडा ज्याच्या जिवावर आहे तो डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, गाडीत आहे की नाही हे नंतर कोणी बघतच नाही!

शहरातल्या ट्रॅफिकमध्ये एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, ती मिळाली नाही की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो. अशा वेळी बरेचदा गाडी हायवेला सलग चालवली तरी भागतं. पण काही गॅरेजवाले सरळ सांगतात, काढूनच टाका, नवीन टाकायचा खर्च वाचेल. मलाही हाच सल्ला मिळाला होता. डबा बाहेरून तसाच, आतून रिकामा, ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदललं की दिवा पण बंद.

आणि अशी गाडी पीयूसीत पास होऊ शकते, कारण तिथे डिझेल गाडी रेस करून फक्त धूर किती दाट आहे ते बघतात, आणि नव्या इंजिनाचा धूर मुळातच इतका कमी की फिल्टर नसला तरी त्या मशीनला पत्ता लागत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत ना डिझेलचं मोजतात ना पेट्रोलचं.

बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून गाड्यांच्या नियमित तपासणीत धुरातले कण मोजायला सुरुवात केली. इंजिन आयडलला, नळी सायलेन्सरमध्ये, बास. जर्मनीत घनसेंटीमीटरला अडीच लाख कणांची मर्यादा आहे, फिल्टर काढलेली गाडी त्याच्या कितीतरी पट वर जाते, लपवताच येत नाही.

परिवहन खात्याने हे कण मोजायचं मशीन आधी आरटीओच्या फिटनेस तपासणीत आणावं, म्हणजे ट्रक, बस, टेम्पो जे दिवसभर रस्त्यावर असतात ते आधी सापडतील, मग पीयूसी सेंटरला. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे, तांत्रिक मदत दूर शोधायला नको. आणि दंड फक्त मालकाला नको, फिल्टर काढून देणाऱ्या गॅरेजलाही हवा.

एक डिझेल कारमालक, पुणे