काकू, सात ते चार ठिपक्यांसाठी

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही टेक्सासला लेकाकडे राहायला निघालात, त्या दिवशी मी आभार मानायला तोंड उघडलं, तर "पुरे गं, आधी ते खोकं बांध" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. मिनियापोलिसला दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात आणि पहिल्या हिवाळ्यात घरात काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यांच्याही हे नजरेला पडलं तर बरंच.

जानेवारी २०१९. आम्हाला वाईहून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. महिनाअखेरीला पारा उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, शाळा बंद झाल्या. माझी सात वर्षांची लेक खिडकीच्या काचेला नाक लावून बसायची, संध्याकाळपर्यंत चार शब्द बोलायची नाही. मी आपली "थंडी संपली की जाऊ हं बाहेर" एवढंच सांगत राहिले. तेव्हा दोन मजले चढून तुम्ही आलात. एका हातात डब्यात थालीपीठं आणि दुसऱ्या हातात बागकामाच्या दुकानातून आणलेल्या गुळगुळीत काळ्या दगडांची बादली.

तुम्ही तिला "गप्प का गं?" असं एकदाही विचारलं नाहीत. "हे घासून दे मला" म्हणालात. साबणाने धुतलेले दगड रात्रभर टॉवेलवर वाळत ठेवायला लावलेत, कारण दगडात ओल राहिली की रंग पोपडे धरून सुटतो. दुसऱ्या दिवशी गडद निळ्या ॲक्रिलिकचे दोन हात दिले. पाइनचं झाड कसं काढायचं ते मी अजून तुमच्यासारखंच काढते: मधे एक उभी रेघ आणि मग बारीक ब्रशने वरून खाली रुंद होत जाणारे छोटे फटकारे. जुन्या टूथब्रशला पातळ पांढरा रंग लावून अंगठ्याने केस मागे ओढले, तेव्हा निळ्या दगडावर बर्फ भुरभुरला. लेक हसली. किती दिवसांनी ते हसू ऐकलं, काकू, तुम्हाला कसं सांगू!

लाल कार्डिनल पक्षी तुम्ही काढलात. तो कडाक्याच्या थंडीतही हा मुलूख सोडून जात नाही, नर लालभडक, मादी तपकिरी, हे तिला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी खाली झुडपात तिनेच आम्हाला तो दाखवला.

पण मला मनापासून बोलायचंय ते बर्फाच्या चांदणीबद्दल. लेकीने आठ हातांची चांदणी काढली होती. तुम्ही ती पुसली नाहीत. पुढे बर्फ पडला तेव्हा काळा लोकरी हातमोजा बाल्कनीत गार होऊ दिलात, त्यावर चांदण्या झेलल्यात आणि भिंग तिच्या हातात दिलंत. "मोज." सहा. पुन्हा सहा. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात जुळतात म्हणून, असं तुम्ही सांगितलंत. व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटलीचीही गोष्ट सांगितलीत. त्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून चांदणीचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले.

आणि मग दगडावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ठिपके द्यायला लागलात: चार, पाच, सहा, सात, परत सहा, पाच, चार. मी बघतच राहिले. ही तर आईची सात ते चारची रांगोळी! मधल्या ठिपक्यापासून सहा रेघा सरळ कोपऱ्यांना गेल्या, मधे काटे फुटले, झाली चांदणी. लहानपणी अंगणात ज्या ठिपक्यांनी फुलं काढली, त्यांत हा बर्फही होता. त्या दिवसापासून इथला हिवाळा मला परका वाटला नाही.

पहिल्या बारा दगडांवर मी गार गॅरेजमध्ये वार्निशचा फवारा मारला आणि सगळ्यांवर दुधी पापुद्रा आला. मला रडू कोसळलं. तुम्ही बारीक सँडपेपर घेऊन बसलात, हलक्या हाताने सगळे घासलेत, घरातल्या उबेत ब्रशने पाण्यातलं वार्निश लावलंत. रात्रीचे अकरा वाजले होते, तुमचे गुडघे दुखत होते.

उन्हाळ्यात सुपीरियर सरोवराकाठी नेलंत तेव्हाही लेकीने दगड उचलायला हात घातला, तर म्हणालात, "स्टेट पार्कमधला दगड तिथेच राहू द्यायचा." तिच्या शेजारी बसून सांगितलंत, की हा बेसॉल्ट सुमारे ११० कोटी वर्षांचा आणि आपला सह्याद्रीचा साधारण साडेसहा कोटींचा, म्हणजे तुझ्या गावच्या डोंगराचा हा खापरपणजोबा. तिने त्याला तिथेच नमस्कार केला होता, आठवतं?

लेक आता मोठी झालीय. गेल्या डिसेंबरात आमच्या मजल्यावर नाशिकचं कुटुंब आलं, त्यांच्या मुलाकडे ती स्वतःहून बादली घेऊन गेली. तुमचा कार्डिनल अजून खिडकीत आहे, शेपटीचा रंग जरा उडालाय. मी दुरुस्त करते म्हटलं तर हात लावू देत नाही.

तिने काढलेला एक दगड पार्सलने पाठवतेय. मागच्या बाजूला सदतीस ठिपके आहेत, रेघा तुम्ही जोडायच्या आहेत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची