आईच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी, ही विनंती

तीर्थरूप आप्पा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. ग्लासगोत थंडी आहे, पण खोली उबदार आहे आणि जेवण वेळेवर होते. परवा आवाज बसला होता तो केवळ सर्दीमुळे, त्यामागे दुसरे काही शोधू नये.

आईने व्हिडिओवर माझे भुंडे हात पाहिले आणि फोन ठेवेपर्यंत ती दुसरे काही बोलली नाही, म्हणून त्याचा खुलासा आधी करते. येथील सरकारी रुग्णालयांत रुग्णाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाचे हात कोपरापासून खाली मोकळे असावे लागतात. बांगड्या नकोत, मनगटी घड्याळ नको, बाही कोपराच्या वर. लग्नाची बिनखड्याची अंगठी तेवढी चालते. मोठमोठे सर्जनसुद्धा कोट काढून, बाह्या दुमडून वॉर्डात येतात. परिचारिका घड्याळ छातीवर उलटे टाचतात, म्हणजे मान खाली घातली की ते त्यांना सुलट दिसते. मलाही सुरुवातीला हे फार विचित्र वाटले. परंतु बांगडीखालची कातडी नीट धुतली जात नाही आणि बाहीची कड एका रुग्णाच्या अंथरुणाला लागून तशीच दुसऱ्याकडे जाते, हे त्यामागचे कारण आहे. याच गावी १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी, पायावरून गाडीचे चाक गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता हाड जुळून आले. तेव्हा हात उघडे ठेवणे हा येथे अपशकुन नाही, रुग्णाची काळजी आहे. आई, तुझ्या हिरव्या बांगड्या कपाटात जपून ठेवल्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी मी त्या घालते.

आता मुख्य विषय, आईच्या मणक्याचे ऑपरेशन. अशा ऑपरेशननंतर कोणाची जखम पिकण्याचा धोका जास्त आहे, हे आधीच ओळखता यावे, यासाठी आमचा गट काम करतो. यात नुसते वय पाहून भागत नाही. अंगात कस किती उरला आहे, ते पाहावे लागते. त्यासाठी पाच साध्या प्रश्नांची एक पद्धत आहे: मधुमेह, औषध चालू असलेला रक्तदाब, फुप्फुसाचा जुनाट विकार, हृदयाचे काम कमी पडणे आणि रोजच्या कामांत दुसऱ्याचा आधार लागणे. प्रत्येक ‘हो’ला एक गुण; आईचे तीन होतात. याखेरीज हाताच्या मुठीची ताकद, चालण्याचा वेग आणि कारण नसताना घटलेले वजनही पाहतात. आई, लोणच्याच्या बरणीचे झाकण तुला उघडेना, म्हणून तू ती काकूकडे सरकवलीस, ते मी पाहिले. पोलक्याची बाही दंडावर सैल झाली आहे, तेही पाहिले. रोज परक्या माणसांच्या मुठी मोजणाऱ्या मला तुझी मूठ तीन वर्षांत हातात धरता आली नाही, हे त्या दिवशी फार लागले.

हा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. तीन गुण असलेल्या बहुतेकांची जखमही नीट भरते आणि एकही गुण नसलेल्या एखाद्याची पिकते. मात्र वय कमी करता येत नाही, तसे बाकीच्या गोष्टींचे नाही. म्हणून, आप्पा, पुढच्या आठवड्यातली तारीख पुढे ढकलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी आणि रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी, या दोन्ही आधी करून घ्याव्यात. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर पोषण कमी पडत असल्याची शंका घेतात आणि अशा शरीरात टाके सावकाश भरतात. आईने चतुर्थी आणि सोमवार तूर्त सोडावेत. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. डाळ, दूध, मटकी, अंडी रोज पोटात जाऊ द्यावीत. आणि मिश्री बंद झालीच पाहिजे. ती तंबाखूच आहे. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते.

मिरजेच्या डॉक्टरांवर माझा विश्वास उरला नाही, असे तुम्ही म्हणालात, ते मनाला लागले. ज्या गावात १८९४ साली मिशन हॉस्पिटल निघाले आणि जेथे कर्नाटकातून माणसे उपचाराला येतात, त्या गावाबद्दल मी असे कसे म्हणेन? डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि ते सांगतील तेच करा. पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिरता आली, तर मात्र एक तासही थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

ऑपरेशननंतर जखमेवर आपल्या सांगलीची कितीही अस्सल हळद असली तरी लावू नये. अंगातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी नावाच्या रक्ततपासणीचा आकडा दोन-तीन दिवस चढतो आणि मग उतरू लागतो. उतरलेला पुन्हा चढला, ताप आला किंवा जखम ओली राहिली तर लगेच कळवावे. मणक्यात स्क्रू बसवले तर नव्वद दिवस लक्ष ठेवायचे असते. भावाच्या लग्नाआधी ऑपरेशन उरकले, तर ते दिवस नेमके वैशाखात, पाहुण्यांच्या गर्दीत येतील. वरमाय खुर्चीवर बसून राहिली, तर कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलेच तर म्हणू द्या.

मला तीनच आठवड्यांची रजा मिळाली आहे. लग्नाला येईन आणि उरलेले सगळे दिवस आईजवळ दवाखान्यात राहीन, म्हणूनही तारीख त्यानंतरची घ्या. दोन लाख रुपये तुमच्या खात्यात पाठवले आहेत. माझी ओढाताण होत नाही. आईच्या पाटल्या गहाण ठेवू नका आणि सोसायटीचे नवे कर्जही घेऊ नका. तासगावच्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. त्या मंडळींना घरी बोलावण्याऐवजी, आई दवाखान्यातून परतल्यावर मी स्वतः फोन करेन, असे त्यांना सांगा. गेल्या दिवाळीलाही असेच सांगितले होते, हे मला आठवते. या वेळी नक्की करेन.

तुमची थोरली