वारेच्या इंजेक्शनला वर्गणी नाही, गालाचा स्वॅब आणि टाटाचा खर्च हवाय

नमस्कार कराडकर मंडळी, मेसेज मोठा आहे, पण पूर्ण वाचा आणि मगच पुढे ढकला.

आपल्याच पेठेतल्या एका घरी मुलाला ब्लड कॅन्सर निघालाय. त्यांना कुणीतरी गाठून सांगितलं की बाळंतपणात पडणाऱ्या वारेतल्या स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, कॅन्सर मुळासकट जातो, परदेशात हेच चालतं, फक्त आठवड्याभरात पैसे भरा. रक्कम लाखांत, आणि वडील शेत गहाण टाकायला निघाले. मग चार लोक मंडळात आले की वर्गणी काढा. त्या इंजेक्शनसाठी मंडळ एक रुपयाही गोळा करणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण सगळंच थोतांड असतं तर सोपं होतं.

बाळ झाल्यावर वारेत आणि नाळेत जे रक्त उरतं, एरवी वारेसोबत पिवळ्या पिशवीत टाकून दिलं जातं, त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी खरंच असतात. 1988 ला पॅरिसमध्ये असं बहिणीच्या नाळेतलं रक्त एका मुलाला पहिल्यांदा दिलं आणि तो वाचला (त्याला कॅन्सर नव्हता, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता, म्हणजे शरीरात रक्तच नीट तयार न होणारा जन्मजात आजार), पुढे ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सरवालेही त्यातून बरे झाले. आता याच रक्तातल्या नॅचरल किलर पेशींवर, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशींवर, काम चालू आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्या पेशींत असा बदल केला की त्या कॅन्सरची पेशी ओळखून मारतात, आणि 2020 ला त्यांनी रिझल्ट दिला, 11 पेशंटपैकी 8 जणांना गुण आला, 7 जणांच्यात कॅन्सर दिसेनासा झाला. भारीच आहे हे. पण 11 जण म्हणजे आपली कार्यकारिणीसुद्धा याहून मोठी आहे, आणि ते सगळे लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) नाहीतर एका ठराविक ल्युकेमियाचे. ट्रायल म्हणतात याला, म्हणजे अजून तपासणी चाललेला उपचार. आपल्याकडे ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदवावी लागते, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) नियमानुसार पेशंटकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. जो पैसे मागतो त्याच्याकडे ट्रायल नाही, एवढं लक्षात ठेवा.

घरात कुणी गरोदर असेल तर बाळाच्या नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या नाळ बँकेच्या पॅकेजला पण घाबरून सही करू नका. बाळाला पुढे ल्युकेमिया झालाच तर त्याचं स्वतःचंच रक्त सहसा वापरत नाहीत, कारण त्या आजाराची सुरुवात त्यातच असू शकते. घरात आधीच कुणाला ट्रान्सप्लांट लागणार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

आता मदत कशाची हवीय ते. 1983 ला टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं (दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी पेशंटला देतात ते), तेव्हा भावाचा मॅरो बहिणीला जुळला होता. पण सख्ख्या भावंडाचा पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक, आणि हल्ली घरात एकच नाहीतर दोन पोरं. मग बाहेरचा डोनर लागतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे अशा डोनरच्या यादीत, आपली माणसं फार कमी. म्हणून येत्या रविवारी सकाळी 9 ते 2 मंडळाच्या हॉलमध्ये नोंदणी ठेवलीय, वय 18 ते 50, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बास. पुढे कधी मॅच झालाच तर चार-पाच दिवस इंजेक्शन आणि मग प्लेटलेट देतात तसं मशीनवर काही तास बसायचं, हाड वगैरे कुणी फोडत नाही. पण एक विनंती, ऐनवेळी माघार घ्यायची असेल तर नाव देऊच नका, समोरच्या पेशंटची तयारी सुरू झालेली असते.

दुसरं म्हणजे पैसे. फुले योजनेतून उपचाराचा बराच खर्च निघतो, पण महालक्ष्मीनं दादरला उतरल्यावर राहायचं कुठं, खायचं काय? गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत लोक परळच्या फुटपाथवर झोपतात. प्रवास, खोली आणि जेवण, फंड फक्त याला. जमेल ते द्या, पावती घ्या, हिशोब दर महिन्याला मंडळाच्या बोर्डावर लागेल. ज्यांची पोरं मुंबईत नोकरीला आहेत त्यांनी प्लेटलेटसाठी नाव आणि ब्लड ग्रुप कळवा, काढलेल्या प्लेटलेट 5 दिवसच टिकतात त्यामुळे सारखी माणसं लागतात.

रविवारी आधार कार्ड आणा आणि स्वॅबच्या आधी चूळ भरा, मावा खाणाऱ्यांनी दोनदा.