प्रयोगशाळेतल्या मामांना, जाहीरपणे

मामा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्प अहवालात आभाराचं एक पान आहे. मार्गदर्शक मॅडम, विभागप्रमुख, आईबाबा, सगळे नावानिशी. तुम्ही मात्र ‘सर्व शिक्षकेतर कर्मचारी’ या शब्दांत बसवलेले. नमुनाच तसा असतो म्हणे. म्हणून हे पत्र वेगळं, आणि चारचौघांत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. प्लास्टिक म्हणजे वीज न वाहणारी वस्तू, असं आपण शाळेपासून घोकतो. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन त्यातून वीज वाहते हे दाखवलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. माझा प्रकल्प त्याच कुळातल्या पॉलिॲनिलीन आणि पॉलिपायरोलवर, ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरसाठी. ग्लुकोज ओळखण्याचं काम एन्झाइम करतं, पण त्याला इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज सोडायच्या धातूच्या टोकावर, धरून ठेवायला काहीतरी लागतं. हा वीजवाहक पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, प्लास्टिकसारखाच) थेट इलेक्ट्रोडवरच वाढवता येतो, आणि किती विद्युतभार सोडला त्यावर थराची जाडी ठरते. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं.

आमच्याकडे अडलं ते ॲनिलीनच्या बाटलीवर, पॉलिॲनिलीन ज्यापासून बनतं त्या द्रवावर. खरं तर ॲनिलीन पाण्यासारखं बिनरंगी, पण हवा-उजेड लागला की काळवंडतं. आमची बाटली कोऱ्या चहासारखी झालेली. थर डागाडागांचा यायचा आणि आलेख दर वेळी नवीन वळण घ्यायचा. मी पोटेन्शिओस्टॅटच्या, म्हणजे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगशी झटत बसले होते. तुम्ही बाटली खिडकीकडे धरलीत आणि म्हणालात, “मशीनला कशाला बोल लावताय? आधी हे उकळून घ्या.”

ॲनिलीन उकळतं १८४ अंशांना. एवढं तापवलं तर ते आणखी बिघडायचं, म्हणून व्हॅक्यूम लावून कमी तापमानाला ऊर्ध्वपातन करायचं, म्हणजे वाफ करून ती परत गार करून गोळा करायची. फ्लास्कमध्ये चिमूटभर जस्ताची भुकटी, सांध्यांना ग्रीज, आणि हवा कुठे गळतेय हे तुम्ही नुसत्या पंपाच्या आवाजावरून सांगायचात. पहिली धार टाकून दिलीत. मग पाण्याने वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरच्या टोकाला एकेक थेंब येऊ लागला, इतका स्वच्छ की मला आधी पाणीच वाटलं. बाटलीला काळा कागद गुंडाळून, वर तारीख घालून ती फ्रीजमध्ये गेली. आणि गुरुवारी हा खटाटोप मांडायचा नाही, हा तुमचा दंडक. पुण्यात गुरुवारी लाईट जाते नाहीतर पाणी बंद असतं. कंडेन्सर कोरडा पडला तर सगळंच मुसळ केरात.

त्या ॲनिलीनने प्लॅटिनमवर एकसारखा हिरवा थर धरला. व्होल्टेज खाली नेलं की फिकट पिवळा, वर नेलं की निळसर, परत हिरवा. तुम्ही हातातला झाडू टेकवून बघत उभे होतात.

पण पॉलिॲनिलीनला आम्ल लागतं. रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे जवळजवळ उदासीन, तिथे ते निळं पडतं आणि वीज वाहून न्यायचं जवळजवळ थांबवतं. उपाय आहेत, एका सत्रात जमण्यासारखे नव्हते. म्हणून एन्झाइमसाठी पॉलिपायरोलकडे वळले. ते उदासीन द्रावणातही वाढतं, आणि तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज या आमच्या एन्झाइमवर ऋण भार असल्याने वाढत्या धन भाराच्या थरात ते आपसूक अडकतं. पायरोलही काळवंडणारंच, तेही तुम्हीच उकळून दिलंत.

इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या बारीक भुकटीवर आठाच्या आकड्यात घासायचा असतो. “मराठी नव्हे, इंग्रजी आठ,” हे तुम्ही नव्या पोरांना आजही सांगत असाल.

एकदा तुम्ही विचारलंत, “माझ्या शुगरच्या पट्टीत हेच असतं का?” तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं, घाईत होते. बहुतेक पट्ट्यांत हे नसतं मामा. तिथे एन्झाइम असतं, पण इलेक्ट्रॉन पोचवायला फेरिसायनाइडसारखं छोटं रसायन ठेवतात. स्वस्त पडतं, आणि पट्टी एकदाच वापरायची असते. आमचा थर पुन्हा पुन्हा वापरायचा, आणि तिथेच तो मार खातो. एन्झाइमच्या कामातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तेच आम्ही मोजतो, आणि तेच हळूहळू पॉलिपायरोलची वीज वाहण्याची ताकद खातं. शिवाय रक्तातलं क जीवनसत्त्व मध्येच आपला करंट मिसळतं. तेव्हा तुमची पट्टी आहे तीच चालू द्या, आणि सकाळी चहाच्या आधी तपासा, नंतर नको.

अहवालाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. रविवारी घरी आणून देते. ‘साहित्य व पद्धती’च्या प्रकरणात ऊर्ध्वपातनाचा परिच्छेद आहे, तो तपासून द्या, जस्ताची भुकटी किती घ्यायची ते मी ‘चिमूटभर’ लिहिलं होतं आणि मॅडमनी त्यावर लाल गोल केलाय.

तुमची,
ॲनिलीनवाली