नव्या जिवाणूच्या सदोष सिक्वेन्सिंग अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, डीएनए सिक्वेन्सिंग विभाग

विषय: किनाऱ्यावरच्या गाळातील जिवाणूचा चुकीचा अहवाल मागे घेऊन काम नव्याने करून देण्याबाबत.

महोदय,

किनाऱ्यावरच्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचे १६एस जनुक (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते) आणि संपूर्ण जीनोम (त्याचा सगळा डीएनए) वाचून मिळावा म्हणून आम्ही त्याचा डीएनए तुमच्याकडे पाठवला होता. पैसे आगाऊ भरले. जो अहवाल आला तो वापरता येण्यासारखा नाही, आणि फोनवर मिळालेली उत्तरे त्याहून निराश करणारी होती. म्हणून हे लेखी कळवत आहे.

अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'ओळख पटली' असे छापून खाली एरिथ्रोबॅक्टर गटातल्या एका ज्ञात प्रजातीचे नाव दिले आहे. साम्य लिहिले आहे ९७.९ टक्के. हे जनुक डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांत मोजले तर साधारण १५०० अक्षरांचे असते. तुम्ही एकाच बाजूने वाचून जेमतेम ७०० अक्षरे दिली आहेत. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती नवी असू शकते असे धरून पुढचा तपास करायचा, ही या क्षेत्रातली रुळलेली पद्धत आहे. म्हणजे तुमच्याच आकड्यातून निघणारा अर्थ तुमच्या ठळक वाक्याच्या नेमका उलट आहे. डेटाबेसमध्ये सर्वांत जवळचे सापडले ते नाव आमच्या जिवाणूला लावून टाकणे म्हणजे ओळख पटवणे नव्हे. शिवाय वाचनाचा मूळ आलेख, ज्यात प्रत्येक अक्षराचे वेगळ्या रंगाचे शिखर असते, तो मागवून घेतला तेव्हा दिसले की शेवटच्या भागात हिरव्या शिखरावर निळे, निळ्यावर लाल अशी शिखरे एकमेकांवर चढलेली आहेत. तिथे अक्षर ठरवताच येत नाही. तरीही अहवालात त्या जागी बिनदिक्कत ए, टी, जी, सी लिहिले आहे.

जीनोमची गोष्ट याहून गंभीर आहे. अहवालात एकूण लांबी ७८ लाख अक्षरे आणि जी-सी प्रमाण (एकूण अक्षरांतला जी आणि सी यांचा वाटा) ५६ टक्के आहे. एरिथ्रोबॅक्टरचे जीनोम साधारणपणे ३० ते ३५ लाखांच्या आसपास असतात. तुमच्याच जोडपत्रातल्या जी-सीच्या आलेखात दोन वेगळे उंचवटे आहेत, एक ६४ टक्क्यांजवळ आणि दुसरा ५१ टक्क्यांजवळ. दुसऱ्या उंचवट्यातले तुकडे आम्ही तपासले, ते ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या, प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जिवाणूचे निघाले. ५६ हा आकडा दोन वेगळ्या जिवाणूंची सरासरी आहे, तो कोणत्याच जिवाणूचा नाही. 'जीनोम ९९ टक्के पूर्ण' हे तुम्ही अगत्याने छापले, पण त्याच तपासणीत शेजारीच मिळणारा भेसळीचा आकडा मात्र अहवालातून गायब आहे. तो का गाळला, याचे उत्तर मला हवे आहे.

'भेसळ तुमच्या कल्चरमध्येच असेल' असे मला फोनवर सांगण्यात आले. हे मला मान्य नाही. हा जिवाणू मिठाशिवाय वाढत नाही. समुद्री अगारच्या प्लेटवर त्याच्या फिकट नारिंगी, गुळगुळीत कडांच्या वसाहती येतात, आणि पुन्हा पुन्हा रेघा ओढूनही दुसरी कुठलीही वसाहत दिसलेली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्हाला पाठवलेल्या डीएनएचाच राखून ठेवलेला भाग आम्ही ई. कोलायच्या खास प्रायमरने (फक्त त्याच्याच डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या तुकड्यांनी) तपासला आणि काहीही उमटले नाही. भेसळ झाली ती नमुना तुमच्याकडे पोचल्यानंतरच.

इतके तपशिलात लिहिण्याचे कारण आहे. नवी प्रजाती जाहीर करताना तिचा टाइप स्ट्रेन, म्हणजे प्रजातीचा नमुना ठरणारे जिवंत कल्चर, दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो, आणि जीनोम सर्वांसाठी खुल्या डेटाबेसमध्ये टाकावा लागतो. पुढे जगात कुठेही कुणाला जवळचा जिवाणू सापडला की तुलना याच जीनोमशी होणार. दोन जीनोममधले सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या वर की खाली, यावर प्रजाती एक की दोन हे ठरते. तिथे निम्म्याहून जास्त ई. कोलाय असलेली फाइल गेली, तर चूक आमच्यापाशी थांबणार नाही. आमच्या लक्षात आले म्हणून वाचलो. पण तुमच्या पहिल्या पानावर विश्वास ठेवून 'ज्ञात प्रजाती' म्हणून कल्चर बाजूला ठेवून देणारा एखादा नवखा विद्यार्थी एक नवा जिवाणू कायमचा गमावून बसेल. मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे.

तेव्हा दोन्ही चाचण्या विनाशुल्क पुन्हा करून द्या. १६एस दोन्ही बाजूंनी, किमान १४०० अक्षरे वाचलेले हवे, आणि जीनोमचे वाचन किमान ५० पट (प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलेले) हवे. सोबत मूळ आलेख, यंत्रातून निघालेल्या सर्व कच्च्या वाचनांच्या फास्टक्यू फायली आणि भेसळीचा आकडा द्यावा. पहिल्या खेपेच्या कच्च्या फायलीही पुसून न टाकता लगेच पाठवा, कारण आमच्या नमुन्यासोबत त्याच फेरीत आणखी कुणाचे नमुने चालवले असतील तर त्यांचेही निकाल बिघडलेले असू शकतात. त्या ग्राहकांना कळवणे तुमचे कर्तव्य आहे. जुना अहवाल लेखी मागे घ्यावा. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

डीएनएचा उरलेला भाग उणे ८० अंशांवर सुरक्षित आहे. तो कोणत्या पद्धतीने आणि कुणाच्या नावे पाठवायचा, ते पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक
(संशोधक, सागरी सूक्ष्मजीवशास्त्र)