कानाचं काढणार नव्हतो

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. आईनं आतून दोनदा हाक मारली म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "पत्र लिहायचं तर लिहा, पण कानाचं काढू नका. पोरगी शहाणी आहे." म्हणून ठरवून बसलोय. कानाचं काढणार नाही.

आधी परवाचं. मी ओरडलो ते चुकलंच. तू सहज बोलता बोलता म्हणालीस की हेवी मेटलचा कार्यक्रम होऊन तीन दिवस झाले तरी कानात शिट्टी वाजतेय, पण शुक्रवारी लेख द्यायचाय. माझं डोकं फिरलं. "शिरा ताणून ओरडणाऱ्या माणसांपायी बहिरी होणार आहेस का" असं मी म्हणालो. त्यातलं 'शिरा ताणून' एवढं मागे घेतो. ते आवाज घशाच्या शिरा ताणून काढत नाहीत, त्याची वेगळी विद्या असते, हे तू मला पूर्वीच समजावलं होतंस. उरलेलं वाक्यही मागे घ्यायला हवं. बघू, पत्र संपेपर्यंत जमतं का.

नोकरीचं बोललो तेही नको होतं. त्या वेळी दादा शेजारी बसला होता, आणि तो असला की माझ्या तोंडून त्याचीच वाक्यं बाहेर पडतात.

तुझं काम मला कळत नाही असं तुला वाटतं. पूर्वी कळत नव्हतं, खरं आहे. मला वाटायचं, गाणी ऐकायची आणि आवडली की नाही ते लिहायचं, त्यात काय एवढं. मग गेल्या वर्षी तू वरच्या खोलीत पंधरा दिवस राहिलीस. एकच अल्बम तू पाच-पाच वेळा ऐकायचीस. पहिल्यांदा काहीच लिहायचं नाही. दुसऱ्यांदा फक्त ढोल. (ड्रम्स. माहीत आहे.) बाहेर यायला महिना असलेला तो अल्बम कंपनीनं तुला पाठवला होता. त्यात तुझ्या नावाची न ऐकू येणारी खूण दडवलेली असते, फुटला तर कुणाकडून फुटला ते कळावं म्हणून, असं तू सांगितलंस. मला ते आमच्या टूलरूमच्या पितळी बिल्ल्यासारखं वाटलं. हत्यार न्यायचं तर आपल्या नंबरचा बिल्ला त्या जागी खिळ्याला अडकवायचा. हत्यार हरवलं तर बिल्ला बोलतो.

आणि ती रात्रीची मुलाखत. तिकडे दुपार, आपल्याकडे दोन वाजलेले. मी पाणी प्यायला उठलो होतो, दार अर्धं उघडं होतं. तुला वीसच मिनिटं दिली होती, आणि मध्ये त्यांच्याकडची एक बाई लाइनवर येऊन वेळ संपत आल्याचं सांगायची. तुझ्यासमोर कागदावर नऊ प्रश्न होते. चौथा झाल्यावर तू घड्याळाकडे पाहिलंस, पेन्सिलीनं दोन प्रश्न खोडलेस आणि थेट सातवा विचारलास. तोवर पलीकडचा माणूस पाठ केल्यासारखा भराभर बोलत होता. सातव्याला थांबला. मला शब्द कळले नाहीत, पण थांबलेलं कळलं. तूही थांबलीस, मध्ये बोलली नाहीस. मी पाण्याचा ग्लास धरून तसाच उभा. सोनू, नवा कारागीर मशीनसमोर कसा उभा राहतो त्यावरून तो टिकणार की नाही हे मला सांगता यायचं. तू टिकणार. हे मी तुला त्या रात्री सांगायला हवं होतं. मी फक्त "दिवा बंद कर" म्हणालो.

टोनी आयोमी, तो ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवाला, त्याच्यावरच्या लेखाचं तुला आठवतं? तू फोन करून विचारलंस, "पप्पा, प्रेसमध्ये बोट जातं म्हणजे नेमकं काय होतं?" माझ्या तीस वर्षांच्या नोकरीबद्दल तू विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तासभर बोललो. जुन्या पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनचा, क्लच एकदा पकडला की स्ट्रोक पुरा होतोच, मध्ये थांबवता येत नाही. पायडल दाबून झालं, मग कितीही ओरडा. फ्लायव्हीलला ऐकू येत नाही. म्हणून पुढे दोन बटणं आली, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच शकत नाही. तू मुकाट्यानं लिहून घेत होतीस.

मग तू त्या टोनीची, तो मुलगा होता तेव्हाची, हकीकत सांगितलीस. बर्मिंगहॅम, 1965, वय सतरा. पत्र्याच्या कारखान्यातला शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून बँडबरोबर दौऱ्यावर निघायचं. मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे उभा केला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे 1971 च्या अल्बमात तारा आणखी ढिल्या करून सूर खाली उतरवले, आणि तो जाड, खालचा आवाज तुमच्या सगळ्या संगीताच्या मुळाशी जाऊन बसला. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज चढला होता. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकली. तो मुलगा दुपारी जेवायला घरी आला होता. आईला म्हणाला, मी आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम नीट पुरं करून ये. तो गेला.

त्या बाईचं काय चुकलं? मीही हेच सांगितलं असतं. तुला तर शंभर वेळा सांगितलंय. तेव्हापासून तुला काही सांगायचं म्हटलं की ती बाई माझ्यासमोर उभी राहते, आणि तरी मी सांगतोच.

तो लेख छापून आला तेव्हा शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचला. माझं क्लचचं वाक्य त्यात होतं, एकच, पण बरोब्बर. युनियनच्या जुन्या मंडळींना दाखवलं. त्यांच्यात एक आहे, त्याची दोन बोटं नाहीत, तुला तो ठाऊक आहे, लहानपणी तुला चिडवायचा तोच. तो काही बोलला नाही. फोटोतली ती टोपणं जवळ धरून बघत राहिला, मग म्हणाला, "हिला कुणी सांगितलं हे?" मी म्हणालो, "मी." एवढं छाती फुगवून मी आयुष्यात काही बोललो नसेन.

पैशाचं. ते सांगतो आणि सोडून देतो. त्या मासिकाकडे तुझे पैसे अडकून चार महिने झाले. लेख छापून आल्यावर पैसे, मग त्यावर आणखी साठ दिवस, मग हिशेबवाल्या बाई रजेवर. एकदा लेख मागवून घेतला, पसंत केला आणि छापलाच नाही. तुझ्याच भाषेत, 'मारलेल्या लेखाचे' म्हणून काही पैसे द्यायचे असतात, पण आधी लिहून घेतलं नव्हतं म्हणून तेही नाहीत. सोनू, लिहून घेत जा. शब्दामागे दर किती, किती शब्द, कधी देणार, नाही छापलं तर काय, फोटोचे वेगळे की त्यातच. फोनवर ठरलं तरी लगेच दोन ओळींची मेल टाकायची. बिलावर तारीख घालायची. एकाच संपादकावर निम्म्याहून जास्त कमाई टांगायची नाही. आले त्यातले कराचे आधी बाजूला काढायचे. मुलाखतीचं रेकॉर्डिंग दोन ठिकाणी... बघ, लागलो व्याख्यान द्यायला. माफ कर. यातलं निम्मं तर तूच मला शिकवलंयस.

पण एक आहे. आमचा पगार अडला की आम्ही गेटवर बसायचो. तीनशे माणसं बसली की मालकाची गाडी आत जात नसे. तू कुठल्या गेटवर बसणार? तुझ्यासारखे लिहिणारे एकेकटे, आपापल्या खोलीत, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. 2016 च्या डिसेंबरात 'मेटल हॅमर' मासिक छापणारी कंपनी बुडाली ते तूच सांगितलं होतंस. नाताळ तोंडावर, आणि 73 माणसांची नोकरी गेली. ऑरेंज गॉब्लिन बँडच्या गायकानं त्यांच्यासाठी वर्गणी काढली आणि वाचणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी भराभर पैसे दिले. ऐकून मला तुमच्या त्या काळ्या कपड्यांच्या लोकांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आमच्या कारखान्यातल्या बंद पडलेल्या शॉपसाठी कुणी वर्गणी काढली नव्हती. पुढे दुसऱ्या कंपनीनं मासिक घेतलं, ते चालूही राहिलं. पण कंपनी बुडते तेव्हा बाहेरून लिहिणाऱ्याचं बिल रांगेत कुठे असतं? शेवटी. रांग शेवटून कशी दिसते ते मला कळतं.

ओळखीच्या बँडचा अल्बम वाईट निघाला तेव्हा तू तसंच लिहिलंस, आणि ती बास वाजवणारी मुलगी तुझ्याशी बोलायची बंद झाली. तू रडलीस. आईला वाटलं मला कळलं नाही. मला कळलं होतं. बरोबर केलंस.

तर. कानाचं काढत नाही, फक्त एक हिशेब सांगतो, हिशेबाला कुणाची हरकत नसावी. आमच्या शॉपमध्ये शेवटच्या काही वर्षांत भिंतीवर तक्ता लावला होता. 85 डेसिबलला आठ तास. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन. असं करत 100 ला येतो पाव तास. तुझे कार्यक्रम शंभरच्या वर असतात असं तूच म्हणतेस. फोटोसाठी वेगळा माणूस देत नाहीत म्हणून तूच कॅमेरा घेऊन स्टेज आणि कठड्याच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत उभी राहतेस. पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. तीन गाणी म्हणजे पाव तास झाला, सोनू. दिवसभराचा कोटा तिथेच संपला, मुख्य बँड अजून यायचाय.

तुझं उत्तर मला पाठ आहे. फोमचे बोळे घातले की झांजा मरतात, गिटार कांबळ्याखालून आल्यासारखी लागते, मग लिहू काय? रास्त आहे. म्हणून मी कानाच्या डॉक्टरांना विचारून आलो. (आईला सांगू नकोस. तिला वाटलं मी बँकेत गेलोय.) वाजवणाऱ्यांसाठी फिल्टरवाले बोळे मिळतात. ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, नुसते वरचे कापत नाहीत. कानाचं माप घेऊन करतात. आणि शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर दाखवायचं, असंही ते म्हणाले. तुझे तीन परवाच झाले होते.

तोवर फोमचे घातलेस तर निदान नीट घाल. तू नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतेस, मी फोटोत पाहिलंय, पिवळं टोक बाहेर दिसतं. बोटांत वळून वळून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, मग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. वीसपर्यंत मोजायचं. आम्ही मोजायचो नाही. मी तर खिशातच ठेवायचो, साहेब आले की घालायचे. बोळे घातल्यावर डाय बरोबर बसल्याचा आवाज कळत नाही, असं आम्हा सगळ्यांचं म्हणणं. तुझ्या झांजांसारखंच. मलाही सुरुवातीला शिफ्ट सुटल्यावर शिट्टी वाजायची आणि सकाळपर्यंत जायची. मग दुपारपर्यंत राहायला लागली. कधी जायचीच बंद झाली ते लक्षात आलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिफ्ट होती.

तू चालायला लागलीस तेव्हापासून माझ्या उजव्या बाजूनं चालतेस. कुणी शिकवलं नव्हतं. डावीकडून बोललेलं पप्पांना कळत नाही, हे तुझं तूच ओळखलंस. रस्ता ओलांडताना मी तुला आतल्या बाजूला घ्यायचो, की तू पुढून वळसा घालून पुन्हा उजवीकडे यायचीस. मोटारी त्या बाजूला आहेत म्हणून मी रागवायचो. पाच वर्षांची असशील. शाळेत तू ती कविता म्हटलीस तेव्हा मी उजवीकडच्या टोकाला बसलो होतो. टाळ्या वाजल्यावर मीही वाजवल्या. घरी येताना तू विचारलंस, शेवटची ओळ ऐकू आली का? मी हो म्हणालो. तू काही बोलली नाहीस.

आईनं वाचलं तर म्हणेल, दोन पानं कानावरच खर्च केली. करू दे. सोबत पाकिटात एक कागद आहे, तो फेकू नकोस. शुक्रवारी लेख दे, आधी लेख.

आशीर्वाद,
पप्पा

ता.क. तो कागद म्हणजे माझा जुना ऑडिओग्राम, कानांच्या तपासणीचा आलेख. डाव्या कानाची रेघ 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलीय बघ, मोठ्या आवाजाचा खड्डा आधी तिथेच पडतो. तुझा काढलास तर मला पाठव, दोन्ही शेजारी ठेवून बघतो. आणि फोन केलास तर जरा जास्त वेळ वाजू दे. हल्ली तो उजवीकडे ठेवूनच बसतो, पण पंखा चालू असला की कळत नाही.